‘कचकन ब्रेक मारा, बोट आपोआप पाण्यात’: उभ्या रॅम्पवर हे करू नका

ट्रेलरवरची बोट रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात उतरत जाणाऱ्या काँक्रीटच्या उतारावरून, पाण्यात सोडण्याबद्दल सध्या फिरणारा मेसेज असा: “रॅम्प जितका उभा तितकं बरं. पट्टे, हूक वरच सोडून ठेवा. ट्रेलर जोरात मागे घ्या, कचकन ब्रेक मारा, बोट आपोआप पाण्यात. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर हँडब्रेक पुरे, चाकाला काही लावायची गरज नाही.”

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे. उभ्या उतारावर ट्रेलर चटकन खोल जातो आणि गाडीची चाकं कोरडी राहतात. सपाट रॅम्पवर मात्र सायलेन्सरपर्यंत पाणी येतं. पुढचं बहुतेक सगळं चूक.

“पट्टे वरच सोडा.” मागचे पट्टे, हो. ते वर सपाट जागेवरच काढायचे आणि बोटीच्या तळाच्या भोकाचं बूचही तिथेच बसवायचं. (बूच विसरून मी एकदा अख्खी होडी बादलीने उपसली आहे.) पण नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) लावलेला विंचचा, म्हणजे ट्रेलरवरच्या ओढायच्या रहाटाचा, पट्टा आणि साखळी बोट तरंगेपर्यंत तशीच राहू द्यायची. रोलरवर बसलेली फायबरची बोट 15 टक्के उतारावर कोणाची वाट बघत नाही. सुटली की थेट काँक्रीटवर, आणि आधी आपटतं ते मागचं इंजिन.

“जोरात मागे, कचकन ब्रेक.” ओल्या शेवाळावर चाकं जाम झाली तरी गाडी थांबत नाही, घसरत राहते. शिवाय उतार उभा असताना जोर लावायचा कशाला? सावकाश मागे घ्या, मागचं टोक उचललं जाताना दिसतं. तेव्हा थांबा. नाळेची दोरी कोणाच्या तरी हातात द्या आणि मगच विंच सोडा.

“हँडब्रेक पुरे.” इथे जरा हिशेब करू. गाडी 2,000 किलो, बोट आणि ट्रेलर मिळून 1,500. बोट अजून पाण्याबाहेर असताना 15 टक्के उतारावर हे सगळं साधारण 520 किलोच्या जोराने खाली ओढतं. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि पाण्याच्या सर्वांत जवळ, सर्वांत बुळबुळीत जागी हीच चाकं असतात. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह, पण तिची लिव्हर टू-व्हीलवरच असेल तर पुढच्या चाकांची मदत शून्य. म्हणून पाय ब्रेकवर ठेवा, सोबत्याला चाकांमागे लाकडी ठोकळे लावू द्या, हँडब्रेक ओढा. मग पाय अलगद उचलून गाडी ठोकळ्यांवर टेकू द्या, गिअर टाका आणि इंजिन बंद करा. ठोकळ्यांना दोरी बांधलेली बरी, नाहीतर निघताना ते तिथेच राहतात. मागे घेताना सीटबेल्ट काढलेला आणि काचा खाली हव्यात. गाडी पाण्यात गेलीच तर बाहेर पडता आलं पाहिजे.

शेवाळावर ठोकळाही घसरतो, हे मेसेजवाल्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. गाडीची चाकं जिथे थांबणार तिथे चालत जाऊन चप्पल घासून बघा. पाय सरकला तर पाणी चढून तो भाग झाकेपर्यंत थांबायचं. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला ओहोटी, आणि रॅम्पचा हिरवागार भाग उघडा. नऊ वाजेपर्यंत चहा घ्या.