‘बग’ त्या पतंगाच्या आधीचा आहे

संगणकशास्त्राच्या पहिल्या तासाला, सादरीकरणांत आणि दर सप्टेंबरात फिरणाऱ्या संदेशांत एक मजकूर हमखास भेटतो. त्याचा गोषवारा असा: ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातला मार्क-२ संगणक बंद पडला. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी तो उघडला, तर आत दिव्यावर झेपावतो तसला एक पतंग अडकून शॉर्टसर्किट झालं होतं. त्यांनी तो वहीत चिकटवला आणि अशा बिघाडाला ‘बग’, तर दुरुस्तीला ‘डीबगिंग’ असं नाव दिलं. तोवर बग म्हणजे नुसता किडा. ‘दोष’ हा अर्थ त्या दिवसापासूनचा, आणि तो पतंग म्हणजे जगातला पहिला बग.

पतंग खरा आहे. वहीही खरी आहे. चिकटपट्टीखालचा तो पतंग आजही त्या पानावर आहे आणि ती वही स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. बाकीच्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक विधान मात्र चुकीचं आहे, आणि सगळ्यांत मोठी चूक दिशेची आहे. वाच्यार्थातून (शब्दाच्या सरळ अर्थातून) लक्ष्यार्थ (लाक्षणिक अर्थ) निघाला, असं हा मजकूर सांगतो. त्या पानावर घडलं ते याच्या उलट.

‘बग म्हणजे दोष हा अर्थ त्या दिवशी जन्मला’

याचं खंडन खुद्द त्या पानावरच आहे. दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांच्या नोंदीत पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०, रिलेमध्ये (विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचमध्ये) पतंग, एवढा तपशील आहे आणि त्याखाली एक वाक्य: ‘फर्स्ट अ‍ॅक्चुअल केस ऑफ बग बीइंग फाउंड’. म्हणजे, खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच घटना. यातला ‘अ‍ॅक्चुअल’ हा शब्द सोडून वाचलं की सगळी दंतकथा उभी राहते, आणि तो धरून वाचलं की ती कोसळते. बग म्हणजे बिघाड हा अर्थ लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या अंगवळणी पडलेला नसता, तर ‘खराखुरा’ म्हणण्याची गरजच काय होती?

मराठीत ‘डोक्यात किडा वळवळतो’ असं आपण सहज म्हणतो. उद्या एखाद्या डॉक्टरला तपासणीत खरोखरच कुणाच्या मेंदूत अळी दिसली आणि त्याने कागदावर लिहिलं, ‘डोक्यात खराखुरा किडा सापडल्याची पहिली घटना’, तर हा वाक्प्रचार त्या डॉक्टरने घडवला असं कुणी म्हणणार नाही. वाक्प्रचार आधीपासून होता, म्हणूनच त्या नोंदीला गंमत आली.

आपल्या साहित्यशास्त्राने यासाठी नेमके शब्द दिले आहेत. अभिधेने मिळतो तो वाच्यार्थ. तो जुळेनासा झाला, म्हणजे मुख्यार्थाला बाध आला, की लक्षणेने मिळतो तो लक्ष्यार्थ. यंत्रात किडा नाही हे माहीत असूनही ‘यंत्रात बग आहे’ म्हटलं, की ऐकणारा दोष हा अर्थ घेतो. वापर वाढत गेला की ही लक्षणा रूढ होते आणि किडा कुणाच्या मनातही येत नाही. १९४७ च्या त्या चालकांसाठी ‘बग’ इतका रूढ झालेला होता. रिले क्रमांक ७० मध्ये मुख्यार्थाचा बाध अचानक नाहीसा झाला आणि शब्द पुन्हा अक्षरशः खरा ठरला. त्या एका ओळीतला श्लेष फार सुंदर आहे. दंतकथा नेमका तोच मारून टाकते, याचं जास्त वाईट वाटतं.

अर्थात एका ओळीच्या वाचनावर थांबायचं कारण नाही; जुने लेखी पुरावे भरपूर आहेत. मार्च १८७८ मध्ये थॉमस एडिसन यांनी वेस्टर्न युनियन या तारायंत्र कंपनीचे अध्यक्ष विल्यम ऑर्टन यांना लिहिलं की यंत्रात एक ‘बग’ सापडला खरा, पण तो टेलिफोनमध्ये नव्हता. तो ‘कॉलबेलम’ या प्रजातीचा होता. टेलिफोनच्या घंटेतल्या दोषाला लॅटिन थाटाचं नाव देऊन त्यांनी किड्याचा वाच्यार्थ मुद्दाम जागा केला होता. वहीतल्या गमतीचीच ही ६९ वर्षं आधीची आवृत्ती म्हणता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपले युरोपातले प्रतिनिधी थिओडोर पुश्काश यांना लिहिताना एडिसन शोधाची वाटचाल सांगतात: आधी कल्पना झटक्यात सुचते, मग अडचणी येतात आणि ‘बग’ डोकं वर काढतात. इथे ते बग या शब्दाला जोडूनच सांगतात की असल्या बारीकसारीक दोषांना असंच म्हणतात. ‘म्हणतात’ हे क्रियापद महत्त्वाचं आहे. स्वतः घडवलेल्या शब्दाबद्दल कुणी असं लिहीत नाही. धंद्यात चालू असलेला शब्द बाहेरच्या माणसाला समजावताना असं लिहितात.

तो धंदा म्हणजे तारायंत्राचा. १८७४ च्या सुमारास एडिसन यांनी एका तारेवरून एकाच वेळी चार संदेश, दोन जाणारे आणि दोन येणारे, पाठवणारी क्वाड्रुप्लेक्स पद्धत उभी केली. एका दिशेचे दोन संदेश वेगळे ठेवण्याची युक्ती अशी: पहिला संदेश प्रवाहाची दिशा उलटी करून पाठवायचा, दुसरा प्रवाहाचा जोर कमीजास्त करून. जोर ओळखणाऱ्या रिलेला दिशेशी कर्तव्य नसतं. पण प्रवाह उलटताना तो क्षणभर शून्यातून जातो. तेवढ्यात रिलेच्या चुंबकाची पकड सुटते, पट्टी मागे येते आणि चालू संकेताच्या मधोमध खोटी तूट ऐकू येते. ही क्षणिक तूट टकटक करणाऱ्या साउंडरपर्यंत पोचू नये म्हणून सर्किटमध्ये जी जोडणी करत, तिला तारायंत्रवाले ‘बग ट्रॅप’ म्हणत. सापळा आहे, बग आहे, रिलेसुद्धा आहे. किडा मात्र कुठेही नाही.

१८९६ सालच्या हॉकिन्स यांच्या विजेवरच्या प्रश्नोत्तरी पुस्तकात ‘बग’ची व्याख्याच दिली आहे: विद्युत उपकरणाच्या जोडणीतला किंवा चालण्यातला कोणताही दोष. १९३४ च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशातही उपकरणातला दोष हा अर्थ आहे. पतंग रिलेत शिरण्याच्या १३ वर्षं आधी हा अर्थ सर्वसाधारण कोशात छापून आला होता.

‘त्याआधी बग म्हणजे फक्त किडा’

हेही खरं नाही. इंग्रजीतला जुना ‘बग’ हा भीतीचा शब्द आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या विक्लिफच्या बायबल-भाषांतरात, शेतात उभं असून काहीच न राखणाऱ्या बुजगावण्यासाठी ‘बग’ आलेला आहे. १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये ९१ व्या स्तोत्रात रात्रीच्या ‘बग्ज’ना भिऊ नकोस असं आहे, तिथे अर्थ रात्रीची भुतंखेतं, भयं. हीच बायबलं पुढे ‘बग बायबल’ म्हणून ओळखली गेली. ‘बगबेअर’ आणि ‘बगाबू’ या शब्दांत ते भूत आजही शिल्लक आहे. किडा हा अर्थ लेखी इंग्रजीत रुळला तो सतराव्या शतकात.

इथे मराठी वाचकाला ‘बागुलबुवा’ आठवणं स्वाभाविक आहे. पण नादसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. मधल्या टप्प्यांचे लेखी पुरावे हाती नसताना दोन शब्दांची सोयरीक जुळवणं आणि पतंगाची दंतकथा रचणं ही एकाच जातीची चूक आहे.

किड्याच्या अर्थातही एक पेच आहे. कीटकशास्त्रात ‘बग’ म्हणजे हेमिप्टेरा गणातले कीटक: ढेकूण, मावा, तुडतुडे. टोचून रस शोषणारी सोंड ही त्यांची खूण. पतंग लेपिडोप्टेरा गणातला, म्हणजे फुलपाखरांचा भाऊबंद. काटेकोर शास्त्रीय अर्थाने त्या वहीतला ‘खराखुरा बग’ हा बग नाहीच. मात्र रोजच्या इंग्रजीत कोणत्याही किड्याला बग म्हणतात आणि चालकांनी तोच अर्थ घेतला. त्यांची चूक काढायचं कारण नाही. वाच्यार्थसुद्धा एकच एक नसतो, एवढं यातून दिसतं.

‘संगणक बंद पडला, शॉर्टसर्किट झालं’

त्या दिवसाच्या नोंदी क्रमाने वाचल्या तर यंत्र बंद पडल्याचं चित्र दिसत नाही. सकाळी ८ ला काम सुरू, ११ ला कोसाइनची टेप लावून साइनची तपासणी, ३ वाजून २५ मिनिटांनी बेरजेच्या भागांची चाचणी, ३ वाजून ४५ मिनिटांनी पतंग, ५ वाजता यंत्र बंद करून दिवस संपला. रिले चाचणीत नापास झाल्याची आणि बदलल्याची नोंदही त्याच पानावर आहे, आणि तिथे कुठलाही किडा नाही. मार्क-२ मध्ये असले हजारो रिले होते. त्यांच्या कुरबुरी हे रोजचंच काम होतं.

शॉर्टसर्किटचा त्या नोंदीत उल्लेखच नाही. रिले कसा चालतो हे पाहिलं तर वेगळाच बिघाड संभवतो. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की आतला लोखंडी गाभा चुंबक होतो, तो समोरची पट्टी ओढतो आणि पट्टीवरचा संपर्कबिंदू स्थिर बिंदूला टेकतो. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टी मागे नेते. दोन बिंदूंमधलं अंतर अगदी थोडं असतं. त्यात किड्याचं वाळकं शरीर किंवा धुळीचा कण आला, तर पट्टी ओढली जाऊनही बिंदू टेकत नाहीत आणि सर्किट उघडंच राहतं. शॉर्टसर्किटमध्ये नको तिथे वाट जुळते. इथे हवी ती वाट जुळत नाही. परिणाम धूर किंवा ठिणगी असा नसतो. एक अंक चुकतो, आणि तोही फक्त तो रिले लागणाऱ्या बेरजेत. म्हणून उत्तर आधीच माहीत असलेली गणितं यंत्राला घालून पाहावी लागत आणि चुकलेल्या अंकावरून पॅनेल व रिलेचा क्रमांक हुडकावा लागे. बेरजेच्या चाचणीनंतर २० मिनिटांत पतंगाची नोंद येते, ती या कामाशी जुळणारी आहे.

‘हॉपर यांना सापडला, शब्दही त्यांचा’

पतंग काढणारे हात यंत्रचालकांचे होते. त्यांच्यात विल्यम बर्क यांचं नाव घेतलं जातं. हॉपर यांनी हा किस्सा पुढे अनेक व्याख्यानांत रंगवून सांगितला, त्यामुळे तो त्यांच्या नावाला चिकटला. त्यांचं खरं काम याहून फार मोठं आहे: १९५२ चा ए-० कंपायलर (आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणारी आज्ञावली), आणि यंत्राला इंग्रजीसारख्या शब्दांत आज्ञा देता याव्यात यासाठी त्यांनी दिलेला लढा. त्यांची ओळख एका चिकटवलेल्या पतंगापुरती उरावी, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

‘डीबगिंग’ही तिथला नाही. रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या १९४५ च्या नियतकालिकात विमानाच्या इंजिनाच्या चाचण्यांबद्दल लिहिताना तो शब्द आला आहे.

‘हा जगातला पहिला बग’

आज्ञावलीतली चूक असा अर्थ घेतला, तर चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राबद्दल १८४३ मध्ये छापलेल्या एडा लव्हलेस यांच्या टिपणांकडे जावं लागतं. बर्नुली संख्या (गणितातली एक संख्यामालिका) काढण्याच्या तक्त्यात चौथ्या पायरीचा भागाकार उलटा छापलेला आहे: भाज्याच्या जागी भाजक, भाजकाच्या जागी भाज्य. यंत्र बांधलं गेलं नाही म्हणून ती चूक कधी चालली नाही, इतकंच. आणि यंत्राचा दोष असा अर्थ घेतला, तर आकड्यांच्या कोणत्याही यंत्राचा पहिला दिवस त्यासाठी पुरेसा आहे.

या दंतकथेने कुणाचं काही बिघडत नाही, असं म्हटलं जातं. नवशिक्यांचं बिघडतं. किडा बाहेरून आत शिरतो. आज्ञावलीतला दोष बाहेरून येत नाही. तो लिहिणाऱ्याच्या हातून आत गेलेला असतो. १९८८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी याच कारणासाठी बगला बग न म्हणता चूक म्हणावं असा आग्रह धरला होता. कुणाचं लक्ष नसताना किडा गुपचूप आत शिरला, ही कल्पना त्यांना बौद्धिक अप्रामाणिकपणाची वाटे. शब्द बदलणं आता शक्य नाही, पण तपासणीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात: माणसाची चूक, तिच्यामुळे आज्ञावलीत राहिलेला दोष, आणि त्या दोषामुळे पडद्यावर दिसलेलं अपयश. एक चूक अनेक दोष पेरते. एखादा दोष वर्षानुवर्षं अपयशाविना झोपून राहतो, कारण आज्ञावलीच्या त्या फांदीवर नेणारी माहिती कधी आलेलीच नसते. शोध मात्र अपयशापासून मागे जातो: तेच अपयश पुन्हा घडवायचं, माहिती निम्मी-निम्मी कमी करत दोषाची जागा गाठायची, दुरुस्ती करायची आणि जुन्या सगळ्या चाचण्या परत चालवायच्या. रिले क्रमांक ७० मधला पतंग यांपैकी पहिल्या दोहोंत बसत नाही. तिथे कुणी चुकलं नव्हतं आणि आज्ञावली बरोबर होती. तो हार्डवेअरचा अडथळा होता, चिमट्याने काढून टाकण्यासारखा.

सादरीकरणात पतंगाचं चित्र ठेवायचं असेल तर जरूर ठेवावं. त्याखाली एवढा मजकूर पुरतो: ‘मार्क-२ च्या नोंदवहीतलं पान, ९ सप्टेंबर १९४७. बग म्हणजे दोष हा अर्थ तेव्हा किमान ६९ वर्षं जुना होता. चालकांनी त्यावर श्लेष केला.’ कुठे १९४५ हे साल छापलेलं दिसलं तर तेही बदलावं. पानावर फक्त ९/९ एवढंच लिहिलेलं आहे आणि १९४५ मध्ये मार्क-२ अजून बांधून व्हायचा होता.