बॉनेट दिसलं की फडका मारा

गाड्या चकाचक करण्याचं, म्हणजे डिटेलिंगचं दुकान टाकलंत? अभिनंदन. सोलापुरात विजापूर रोडला गाळा, आत निळ्या एलईडीच्या पट्ट्या, बाहेर 'स्टुडिओ' अशी पाटी. 'वॉशिंग सेंटर' चुकूनही लिहू नका, नाहीतर लोक धुलाईचाच भाव विचारतात. आता राहिलं फक्त गिऱ्हाईक. ते कसं धरायचं, ऐका.

सात रस्ता चौकापासून होटगी रोडपर्यंत जिथे जिथे गाड्या लागतात तिथे चक्कर मारा. गाडी आडवी आली तर फोन करता यावा म्हणून भल्या माणसाने काचेमागे नंबर ठेवलेला असतो. त्याचा फोटो काढा. रात्री साडेदहाला 'नमस्कार सर, सिरॅमिक कोटिंगवर ६० टक्के सूट' असा मेसेज टाका. सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचा संरक्षक लेप. उत्तर आलं नाही तर ग्रुपमध्ये ओढा. ग्रुप सोडला तर दुसऱ्या नंबरवरून परत ओढा.

पत्रक वायपरखाली न खोचता सरळ काचेला चिकटवा. डिंकाचा डाग काढायला गिऱ्हाईक तुमच्याकडेच येणार.

गूगलवरचे पाच तारे मेव्हण्याकडून घ्या.

आणि खरं ब्रह्मास्त्र म्हणजे फुकट डेमो. मालक टपरीवर चहा पीत उभा असतो. त्याला विचारायचं नाही. 'सर, एकच मिनिट' म्हणत बॉनेटवर स्प्रे मारायचा. वेळ निवडावी मे महिन्यातली दुपार, गाडी काळी. पत्रा साठ अंशांच्या वर तापलेला, हात ठेववत नाही. गाडी धुतलेली नकोच, धुळीवर फरक जास्त उठून दिसतो. फडका खिशातलाच, ज्याने मघाशी टायर चमकवला. मग जोर लावून गोल गोल फिरवायचं. तापल्या पत्र्यावर स्प्रेतलं पाणी क्षणात उडतं, उरलेलं चिकटतं, म्हणून आणखी जोर लावायचा. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते आणि ती क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कठीण. हा थर कंपनीतून येतानाच जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. त्यावर या वाळूच्या गोल रेघा उमटतात. त्या लगेच दिसत नाहीत, कारण स्प्रेतलं तेल आणि फिलर त्यांच्यात भरून बसतं. अर्धं बॉनेट आरशासारखं, अर्धं मळकट, तुमचा चेहरा विजयी. दोन धुलायांत तेल जातं आणि उन्हात गाडी उभी केली की सगळ्या रेघा वर येतात. तेव्हा तुम्ही पुन्हा हजर! 'सर, स्वर्ल मार्क आलेत, कंपाउंडिंग करावं लागेल.' आलेत? आपोआप आले का ते? त्या कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे खरखरीत पॉलिशने घासण्यात, आणखी दोन-चार मायक्रॉन उडणार, आणि गेलेला क्लिअर कोट पुन्हा रंगकाम केल्याशिवाय परत येत नाही. पंक्चरवाल्याने आदल्या रात्री रस्त्यावर खिळे टाकावेत तसला हा धंदा. वर पाचशे रुपये ॲडव्हान्स मागायचा. कुणी सांगितलं होतं का बे हात लावायला?

असो. सल्ले द्यायचे होते.

सोलापुरात राहून टॉवेलला तोटा नाही. नवीन गिऱ्हाइकाला एक टर्किश टॉवेल भेट द्या आणि दुसऱ्याने त्याची गाडी पुसा. त्याच्या शिवलेल्या किनारीने क्लिअर कोटवर रेघा पडतात, पण गावाचा अभिमान मोठा.

धुलाईला बोअरचं पाणी, तेही भर उन्हात. पाणी उडून जातं, क्षार काचेवर आणि रंगावर पांढऱ्या ठिपक्यांनी बसतात. ठिपके काढण्याचं पॅकेज वेगळं लावा.

सिरॅमिक विकताना '९एच' हा मंत्र म्हणा आणि बॉनेटवर लायटर पेटवा. ९एच हे पेन्सिलने तपासलेलं काठिण्य आहे, कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा, पुणे हायवेवर उडालेला खडा त्याला मोजत नाही, हे बोलू नका. खड्यासाठी १५० ते २०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म लागते, पण तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक पळतं. कोटिंग लावल्यावर निदान २४ तास गाडी कोरडी ठेवा, आठवडाभर शाम्पू नको, हेही सांगू नका. संध्याकाळीच चावी द्या.

इंजिन चकाचक पाहिजे? प्रेशर गन थेट फ्यूज बॉक्सवर.

पुरे झालं. आता सरळ बोलतो. अरे बाबा, गिऱ्हाईक पार्किंगमध्ये पडलेलं नसतं. जुन्या गाड्यांच्या डीलरकडे जा, एक गाडी नीट करून दाखव. त्याची गाडी लवकर विकली गेली तर पुढची दहा तोच पाठवेल. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजवाल्याला भेट, त्याच्या पॉलिशरच्या गोल खुणा काढून दे. डेमो द्यायचाच तर परवानगी घेऊन, सावलीत, थंड पत्र्यावर. आधी फोम चार-पाच मिनिटं, वाळायच्या आत धुवायचा. मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा खंगाळायची. मग क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा. टेप लावून वीतभर जागेत डीए पॉलिशर (फिरता फिरता डोलणारं पॉलिशचं मशीन) चालव, आयपीएने (एक प्रकारचं अल्कोहोल) पूस म्हणजे तेल निघून खरं काय ते उरेल, आणि मालकाला टॉर्चच्या उजेडात दाखव. गाडी घेताना पॅनेलगणिक रंगाची जाडी मोजणारा गेज लाव, आकडा लिही, फोटो काढ. नख अडकतं ती रेघ पॉलिशने जाणार नाही हे पैसे घेण्याआधी सांग, नंतर नाही. एवढं जमत नसेल तर फडका खिशातच ठेव. आणि काचेमागचा नंबर गाडी अडली तर फोन करायला आहे, तुझ्या दिवाळी ऑफरसाठी नाही. ग्रुपमधून काढ म्हटलं की काढ.