‘गाडी उचलली की स्प्रिंग मोकळी’ म्हणे!

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. खाली लांबलचक मजकूर, त्याचा मथितार्थ असा: कुठलीही कॉइल स्प्रिंग बदलायला गॅरेज लागत नाही. गाडी जॅकवर घ्या, चाक काढा, स्प्रिंगवरचा भार आपोआप जातो. वरचा नट खोला, जुनी काढा, नवी घाला. कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, ही गॅरेजवाल्यांनी घातलेली भीती आहे. फारच वाटलं तर नायलॉनच्या दोरीनं बांधा, नाहीतर उद्यमनगरात लेथवर दोन क्लॅम्प करून घ्या. तुटली असेल तेवढीच बदला. दोन तासांत काम फत्ते, अलाइनमेंटही नको.

घरी काम करायला माझा विरोध नाही. उलट गाडीखाली शिरणारे लोक या शहरात जास्त आहेत याचा मला आनंदच आहे. पण या मजकुरात एक वाक्य असं आहे की ते खरं मानून कुणी पाना लावला तर हात, जबडा, डोळा यांपैकी काहीतरी जाईल. ते वाक्य म्हणजे ‘भार आपोआप जातो’.

आधी तो व्हिडिओच नीट बघा. त्यात माणूस काम करतोय ते मागच्या चाकाशी. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी यांसारख्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, असतो. तिथं स्प्रिंग वेगळी उभी आणि शॉकअप वेगळा. बीमखाली ट्रॉली जॅक धरून दोन्ही बाजूंचे शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक हळूहळू खाली सोडला, तर बीम पुरेसा खाली येतो आणि स्प्रिंग खरोखरच सैल होऊन हातात येते. म्हणजे व्हिडिओतला माणूस खोटं करत नाहीये. लबाडी खालच्या मजकुराची, कारण तो ‘कुठलीही स्प्रिंग’ म्हणतो. मागेही शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेल्या गाड्या आहेत, त्यांना हा हिशोब लागू नाही. आणि पुढच्या चाकाला तर अजिबातच नाही.

पुढे काय असतं? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट. शॉकअपच्या नळीवर खालचा कप, वर माउंटिंग, मधे स्प्रिंग दाबून बसवलेली आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारा शॉकअपच्या दांड्यावरचा एकच नट. चाक हवेत लोंबकळलं तरी शॉकअप जेवढा ताणतो तेवढाच ताणतो, आणि त्याची ती पूर्ण लांबीसुद्धा स्प्रिंगच्या मोकळ्या उंचीपेक्षा कमीच पडते. म्हणून गाडी जॅकवर असो, स्ट्रट सुटा करून अंगणात आडवा टाकलेला असो, नाहीतर वर्षभर माळ्यावर पडलेला असो, स्प्रिंग आत दाबलेलीच असते. गाडीचं वजन गेलं, स्प्रिंगचा स्वतःचा दाब राहिला.

तो दाब किती? उदाहरणादाखल धरू की स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला 20 न्यूटन लागतात. छोट्या गाडीला हा आकडा अवास्तव नाही. माउंटिंग काढता यावं म्हणून ती मोकळ्या उंचीपासून 150 मिलिमीटर दाबली तर जोर होतो 3,000 न्यूटन, म्हणजे साधारण 300 किलोचा. त्यात साठलेली ऊर्जा 225 ज्यूल. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर पाऊण मीटरवरून पायावर पडला तर जो दणका बसेल, तेवढी. फरक इतकाच की सिलिंडर पडताना दिसतो. स्प्रिंग सुटली की ती कुठल्या दिशेला गेली हे नंतर कळतं.

यातच एक घोळ नेहमी होतो, आणि तो या मजकुरानं आणखी वाढवलाय. बॉनेट उघडल्यावर बऱ्याच गाड्यांत स्ट्रटच्या डोक्यावर दोन प्रकारचे नट दिसतात. कडेचे दोन-तीन छोटे, ते माउंटिंग बॉडीला धरतात. आणि मधला मोठा, तो दांड्यावरचा. स्ट्रट गाडीतून उतरवायला कडेचे काढायचे. मधल्याला, स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये पक्की धरलेली नसेल तोवर, पाना टेकवायचा नाही. मजकुरात नुसतं ‘वरचा नट खोला’ लिहिलंय. कुठला वरचा, भावा?

आता दोरी. नायलॉन ताणतं, हे विहिरीवर पोहरा सोडलेल्यालाही माहीत आहे. स्प्रिंगच्या वेढ्यावर गाठ सरकते आणि गंजलेल्या कडेवर दोरी कापली जाते. त्याहून मुद्द्याचं म्हणजे दोरी स्प्रिंग दाबत नाही, फार तर आहे तिथं धरून ठेवते. मग जुनी उघडलीत असं धरून चालू, पण नवी स्प्रिंग तेवढी दाबून आत कशी बसवणार? मजकूर यावर गप्प आहे.

लेथवरच्या क्लॅम्पचं जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथं कोल्हापूरकराचा स्वाभिमान आडवा येतो. उद्यमनगरात काय बनत नाही? शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून वाहनांचे सुटे भाग बाहेर जातात, मग दोन हुक आणि एक आटेवाला रॉड म्हणजे काय मोठा विषय? विषय घडाईचा नाही, पोलादाचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारा आटेवाला रॉड सहसा साध्या माइल्ड स्टीलचा. त्यावर कापलेले हुक भाराखाली उघडतात, आटे घासून जातात, आणि हे होताना आवाज येईलच असं नाही. लेथवाल्या चांगल्या मिस्त्रीला काम सांगून बघा. तो आधी विचारेल, भार किती, मटेरियल कुठलं. आपल्याला उत्तर देता आलं नाही तर क्लॅम्प करून घेण्यात अर्थ नाही.

तयार कॉम्प्रेसर मिळतो, पण तोही बिनधोक नाही. दोन हुकांची जी स्वस्त जोडी येते ती समोरासमोर, बरोबर विरुद्ध बाजूंना लागली पाहिजे. शक्य तितके जास्त वेढे पकडीत घ्यायचे. हुकाला अडकवण्याची पिन असेल तर ती लावायचीच. आट्यांना ग्रीस, आणि हातपान्यानं एका बाजूला दोन-तीन फेरे, मग दुसऱ्या बाजूला तेवढेच. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक वेढ्यावरून घसरायला लागतो. इम्पॅक्ट गन लावायची नाही, आटे तापून खराब होतात. दोन्ही टोकं कपातून सैल होऊन स्प्रिंग हातानं जागेवर फिरायला लागली, मगच मधला नट. तोवर आणि त्यानंतरही स्ट्रटच्या टोकाच्या रेषेत तोंड न्यायचं नाही. बसवताना स्प्रिंगचं टोक कपातल्या पायरीला टेकलं पाहिजे, आणि मधला नट नवा घ्यायचा. हे सगळं जमणार असेल तर जरूर करा.

माझं मत विचाराल तर मधला रस्ता चांगला. चाक, लिंक रॉड, ब्रेकच्या पाइपची आणि एबीएसच्या वायरची पकड, नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट, वरचे छोटे नट, हे घरी काढा. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, काढावा लागला तर तारेनं टांगा, पाइपवर लोंबू देऊ नका. स्ट्रट अख्खा घेऊन भिंतीत बसवलेला कॉम्प्रेसर ज्याच्याकडे आहे त्या गॅरेजात जा. तो स्प्रिंग बदलून देईल, मजुरी फक्त तेवढ्याची द्या. गॅरेजवाले पैसे उकळतात ही तक्रार काही वेळा खरीही असते, पण ती या एका कामाच्या मजुरीवर काढण्यात शहाणपण नाही.

जॅकबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता. खाली हात घालायचा तर जॅक स्टँड हवेत. कॉलनीतल्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडचा पाय रुततो, म्हणून खाली जाड फळी. सिमेंटचे ब्लॉक किंवा विटा नकोत, त्या भाराखाली एकदम फुटतात. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग उरत नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना असतो. गिअर टाका आणि पुढच्या चाकांना गुटके लावा.

‘तुटली तेवढीच बदला’ हे काटकसरीचं वाटतं. जुनी स्प्रिंग वापरानं बसलेली असते, नवी उंच राहते, मग गाडी एका अंगाला कलते. एका एक्सलवरच्या दोन्ही एकदम बदलाव्यात. तुटलेली वेल्ड करून घालणं किंवा गॅसनं एक वेढा कापणं तर नकोच. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणी उष्णतेनं उतरतं आणि ती तिथूनच पुन्हा जाते.

राहता राहिले ते दोन तास. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेली किंवा दर पावसाळ्यात गगनबावड्याला ये-जा करणारी गाडी असेल तर नकलचा बोल्टच अर्धा दिवस खाईल. अशा गाडीत खालचा वेढा कपातल्या चिखलात भिजत राहतो, रंग उडतो, गंजाचे खड्डे पडतात, आणि स्प्रिंग बहुतेक तिथंच, अर्ध्या-पाऊण वेढ्यावर तुटते. तुकडा कपातच अडकून राहतो, म्हणून वरून बघून स्प्रिंग धड वाटते. टॉर्च घेऊन खालून बघा.

काम झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा पाइप कुठं घासत नाही ना ते पाहा. रबरी बुशचे जे बोल्ट सैल केले असतील ते गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळा. आणि मजकूर काहीही म्हणो, स्ट्रट नकलपासून सोडवला होता म्हणजे चाकाचा कल हललेला असतो. अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नव्या स्प्रिंगवरच्या टायरची एक कड काही महिन्यांत गुळगुळीत होईल.