झारशाही, जीआर आणि आपण

२०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा जीआर निघाला. जूनमध्ये ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ घालून तो पुन्हा आला आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. मधल्या गदारोळात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘ही तर शुद्ध झारशाही!’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी राहते एस्टोनियात, तार्तू या विद्यापीठाच्या गावात. झारशाहीने इथल्या शाळांचं काय केलं ते मुलं इतिहासाच्या तासाला शिकतात. त्यामुळे मला काही अंगठा देता येईना.

ग्रुपवरच्या मित्राला बहुधा रशियाचा झार अलेक्झांडर तिसरा अभिप्रेत असावा. १८८१च्या मार्चमध्ये क्रांतिकारकांच्या बॉम्बने त्याचा बाप मारला गेला आणि हा गादीवर बसला. त्याचा गुरू पोबेदोनोस्त्सेव, रशियन चर्चच्या धर्मसभेचा सर्वेसर्वा. निरंकुश सत्तेत तसूभरही बदल होणार नाही, हा एप्रिलमधला जाहीरनामा त्यानेच लिहून दिला. ऑगस्टमध्ये पोलिसांना मोकळं रान देणारे ‘तात्पुरते’ नियम आले, ते १९१७पर्यंत टिकले. (तात्पुरत्या कायद्यांचं आयुष्य किती असतं हे आपल्यालाही ठाऊक आहे.) ज्यूंवर १८८२मध्ये निर्बंध आले आणि १८८७पासून त्यांच्या मुलांना विद्यापीठात ठरावीक टक्केच जागा मिळू लागल्या. लिथुआनियन माणसाला स्वतःच्या भाषेतलं पुस्तक रोमन लिपीत छापायची बंदी बापाच्या काळापासूनच होती, ती यानेही उठवली नाही. लोक शेजारच्या जर्मन प्रशियात छापलेली पुस्तकं पाठीवर बांधून रात्री सरहद्द ओलांडत. पकडले गेले तर तुरुंग, नाहीतर सैबेरिया. हिंदीच्या जीआरविरुद्ध आपण मोर्चा जाहीर केला आणि तो निघायच्या आतच सरकारने माघार घेतली. याला झारशाही म्हणणं म्हणजे त्या लोकांच्या सैबेरियाची थट्टा आहे.

पण एस्टोनियाची गोष्ट ‘दुष्ट झार, बिचारी प्रजा’ एवढी सरळ नाही, आणि आपल्या कामाची आहे ती नेमकी तिथेच.

एस्टोनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता, पण इथे जमीन, न्यायालय, चर्च, विद्यापीठ सगळं शतकानुशतकं जर्मन सरदारांच्या हातात होतं. एस्टोनियन म्हणजे शेतकरी आणि नोकरचाकर. अलेक्झांडर तिसरा गादीवर आला तेव्हा सतरा एस्टोनियन संस्थांचं शिष्टमंडळ त्यालाच भेटायला गेलं: आम्हाला या जर्मनांच्या तावडीतून सोडवा. झारने पाठवलेला सिनेटर मानासेइन तपासणीला आला तेव्हा अर्जांचा ढीग पडला. झारने जर्मनांचे जुने विशेषाधिकार मान्य करायचं नाकारलं. पोलीस आणि न्यायालयं सरदारांकडून काढून घेतली. एस्टोनियन लोक खूश झाले. मग त्याच हाताने १८८७पासून गावच्या शाळेत रशियन माध्यम आलं. १८९३मध्ये डॉर्पाट गावाचं (म्हणजे आमच्या तार्तूचं) नाव बदलून युर्येव झालं आणि विद्यापीठाचंही.

मला सगळ्यात लागते ती अलेक्झांडर शाळेची गोष्ट. शेतकऱ्यांनी गावोगाव वर्गणी काढली, मेळे भरवले, वर्षानुवर्षं पैसे साठवले. कशासाठी? एस्टोनियन माध्यमाची एक वरची शाळा निघावी म्हणून. पूर्वीच्या ज्या झाराने, पहिल्या अलेक्झांडरने, इथल्या भूदासांना मुक्त केलं त्याचं नाव तिला दिलं. १८८८मध्ये शाळा उघडली, ती रशियन माध्यमाची.

त्यानंतर या लोकांनी काय केलं? त्याच वर्षी याकोब हुर्ट नावाच्या पाद्र्याने वर्तमानपत्रांतून आवाहन केलं की गाणी, म्हणी, ओव्या, जे आठवेल ते लिहून पाठवा. हा पाद्री तेव्हा कुठे होता? झारच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गमध्ये! गावचे मास्तर, शेतकरी, शिंपी अशा हजाराहून अधिक लोकांनी लिहिलं आणि लाखावर पानं जमली. आज ती तार्तूतच जपून ठेवलेली आहेत. १८९१मध्ये ‘पोस्टिमेस’ हे एस्टोनियनमधलं पहिलं दैनिक झालं, तेही रशियीकरण ऐन भरात असताना. १८९७च्या जनगणनेत वाचता येणाऱ्यांचं प्रमाण साम्राज्यात इथेच सर्वांत वर होतं. सरकारने शाळेचं माध्यम काढून घेतलं, पण घरात वाचणारा माणूस होता आणि तो पेपर विकत घेत होता.

आणखी एक गोष्ट इथले इतिहासकार सांगतात, ती ग्रुपवर लिहायचं धाडस मला झालं नाही. तोवर शिकलेला, पैसेवाला एस्टोनियन हळूहळू जर्मन होत असे. मुलांशी घरात जर्मन बोलायचं, आडनाव जर्मन वळणाचं करायचं, आणि हे सगळं हौसेने. रशियन आली हुकमाने, म्हणून ती डोळ्यांत खुपली. जर्मन आली प्रतिष्ठा घेऊन, म्हणून घरात शिरली तरी ती फारशी कुणाला खुपली नाही. झारने जर्मन भाषेचा तोरा उतरवला आणि न मागता एस्टोनियनला श्वास घ्यायला जागा मिळाली.

आपल्याकडे हिंदी जीआरने आली, तर दोन ठाकरे एका व्यासपीठावर आले. इंग्रजीला कधी जीआर लागला नाही. आपण रांगेत उभे राहून डोनेशन दिलं. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळा एकेक करून बंद पडल्या त्या कुण्या झारच्या हुकमाने नाही, पट कमी झाला म्हणून. त्या ग्रुपवर अंगठे देणाऱ्या किती जणांची मुलं मराठी माध्यमात आहेत हे मला माहीत आहे. ‘तू तिकडे बसून बोलतेस’ हे उत्तरही माहीत आहे. बरोबरच आहे. पण इथे बसल्यामुळेच दिसतं की जेमतेम पावणेचौदा लाखांच्या देशात डॉक्टरकीचं शिक्षण एस्टोनियनमध्ये होतं. त्यासाठी पाठ्यपुस्तकं आणि परिभाषा तयार करायला १९१९पासूनचा खटाटोप आणि पैसा लागला आहे. कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा तर मलाही एस्टोनियनची परीक्षा आहे, आणि ही भाषा चौदा विभक्तींची आहे. मला त्यात अन्याय वाटत नाही.

मात्र इथलं सगळंच गोड मानून घेणं मला जमत नाही. २०२४च्या सप्टेंबरपासून रशियन माध्यमाच्या शाळा एस्टोनियनकडे वळवणं सुरू आहे. बालवाडी, पहिली आणि चौथीपासून सुरुवात झाली. सोव्हिएत काळापासून देश दोन वेगळ्या शाळांत वाटला गेला होता, म्हणून हे गरजेचं होतं, असं माझं मत आहे. तरी नार्वासारख्या गावात, जिथे जवळजवळ सगळेच रशियन बोलतात, चौथीतल्या पोराला गणित अचानक परक्या भाषेत शिकावं लागतं. एस्टोनियन शिक्षक तिथे जायला तयार नसतात, म्हणून सरकारला पगार वाढवावे लागले. याचं उदाहरण देऊन मराठीच्या नावाखाली दुकानदाराच्या कानाखाली मारणाऱ्यांनी ‘बघा, युरोपातही असंच करतात’ म्हणू नये. इथे भाषा न येणाऱ्यासाठी सरकार वर्ग भरवतं, आणि त्या वर्गाला मी दर मंगळवारी जाते.