अकरा पाऊणे सव्वाआठ

मालवणच्या जेटीवर मी गेली तीन वर्षं गरवतोय. गरवणे म्हणजे गरीला आमिष लावून मासे धरणे. त्यातला 'धरणे' हा भाग माझ्या बाबतीत ऐच्छिक आहे. समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी त्याचा पाया घातला आणि १६६७ च्या मार्चमध्ये, भर समुद्रात, किल्ला उभा. त्याहून जास्त काळ त्याच किल्ल्याकडे तोंड करून बसून मी सतरा केंड धरले.

केंड ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. गरीला काहीतरी जड लागतं, काठी वाकते, छाती धडधडते. वर येतो तो ढब्बू, मोठ्या डोळ्यांचा, सशासारखे दात दाखवणारा इसम. जेटीवर टेकला की हवा भरून टम्म फुगतो. पोट पांढरं, खरखरीत. तुम्ही गरी सोडवायला वाकलात की कुरकुरतो, म्हणजे आपणच कोणाचा तरी अपमान केलाय असं वाटतं. पोटात विष, त्यामुळे खायची सोय नाही. पाण्यात परत टाकला तर उलटा, पोट वर करून, चेंडूसारखा तरंगत राहतो आणि आसपासच्या दहा माणसांना कळतं की आज कोणाला काय लागलं.

"केंड काय रे?" शेजारचे तात्या मान न वळवता विचारतात. तात्यांना सत्तर वर्षांचा दर्या माहीत आहे आणि मासा न लागण्याचं कारण त्यांच्याकडे प्रत्येक ऋतूचं वेगळं असतं. पावसात: "पाणी गढूळ हा, माशाक आमिष दिसणा नाय." थंडीत: "पाणी लय निवळ हा, मासो दोरी बघता." उन्हाळ्यात: "पाणी तापला, मासो खोल गेलो." मधल्या काळात: "आज भांग हा," म्हणजे भरती-ओहोटीला जोर नाही. या कारणांच्या जोरावरच मी टिकून आहे.

भांग आणि उधाण कळायला तात्यांनी मला तिथीचा हिशोब शिकवला. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. झालं! चौथीत ज्या पाऊणकीच्या पाढ्यापायी मी ओणवा उभा राहिलो होतो, तो चाळीस वर्षांनी समुद्रमार्गे परत आला. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं, हे कळायला मला एक अख्खा कृष्णपक्ष चिखलात काढावा लागला.

याचा एक फायदा झाला. मी रोज उठल्याउठल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो हे आईच्या लक्षात आलं. "पन्नाशीला आला, पण देवाकडे वळला हो," असं ती शेजारी सांगते. मी दुरुस्त केलेलं नाही.

बायकोचा मात्र तिथीवर विश्वास नाही. तिचा विश्वास सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर. मी आमिषाला पावशेर सुंगटां घेऊन निघालो की ती पिशवीकडे बघून एवढंच म्हणते, "अहो, याचंच सार केलं असतं." एकदा शेंगटी लागली, तिचा काटा अंगठ्यात गेला. संध्याकाळभर मी गरम पाण्यात हात बुडवून बसलो, तेव्हा ती म्हणाली, "निदान आज तुम्ही तरी शिजताय."

खाण्याजोगा मासा मला मिळाला तो ऑक्टोबरात. बांगडा काठाला आला होता, किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, तीस-चाळीस माणसं दोन्ही दोरांना. मीही गरी बाजूला ठेवून हात लावला. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, मला चार बांगडे मिळाले. घरी आईने विचारलं, "गरीला लागले?" मी म्हटलं, "दोरीला." खोटं काय बोललो?

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते. १ जून ते ३१ जुलै, मासळीच्या विणीचा काळ. गरीला बंदी नाही. सरकारने माझी कामगिरी पाहून तसं ठरवलं असावं. त्यामुळे छत्री काखेत, काठी हातात, चष्म्यावर पाणी, अशा अवस्थेत मी जेटीवर उभा असतो.

गेल्या श्रावणात असाच उभा होतो. अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणून साडेसातलाच पोचलो. आठ वाजून दहा मिनिटांनी काठी अशी वाकली की मी केंडाला शिव्या द्यायला तोंड उघडलं. पण हा फुगला नाही, पळाला. दोरी बोटं कापत सुटली. तात्या पहिल्यांदाच मान वळवून ओरडले, "सोड, सोड थोडी! आता घे!" दहा मिनिटांनी जेटीवर आडवी पडली ती तांबोशी. लालसर, जाड खवल्यांची, दीड किलोला कमी नाही. मी तिला हात लावून बघितला. दोनदा.

घरी दारातच आई उभी. तिने मासा बघितला, मग कॅलेंडर, मग मला.

"आज एकादशी," ती म्हणाली. "तू तर रोज तिथी बघतोस ना रे?"

बघितली होती. मला अकरा दिसले होते.

मी तांबोशी परत जेटीवर नेली. तात्यांना विचारलं, तुमच्याकडे श्रावण? "आमच्यात सोमारच तेवढो," ते म्हणाले आणि पिशवी पुढे केली. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गरीला सुंगटं लावता लावता म्हणाले, "तिरफळां घालून सार केलला सुनेन. काय चव, बाबा! बारस होती ना आज? म्हणजे भरती नऊक."