स्पॉन्सियनचं नाणं आहे, पण सम्राट कुठाय?

‘300 वर्षं खोटं ठरवलेल्या सोन्याच्या नाण्यातून विस्मृतीत गेलेला रोमन सम्राट स्पॉन्सियन सापडला, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं!’ हा मजकूर अजून फिरतोय. त्यामागे खरा शोधनिबंध आहे: पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांचा, नोव्हेंबर 2022 मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात आलेला. मजकूर मात्र त्याच्याही चार पावलं पुढे गेलाय.

आधी ‘300 वर्षं खोटं’. ही नाणी 1713 साली ट्रान्सिल्व्हेनियात सापडल्याची नोंद व्हिएन्नात झाली आणि बराच काळ लोकांनी ती खरीच धरली. त्यांना भिकार बनावट म्हणून झटकून टाकलं ते फ्रेंच नाणेतज्ज्ञ आंरी कोएन यांनी, 1863 मध्ये.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.’ काय सिद्ध केलं? ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातली चार नाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पृष्ठभागावर वापरातून पडतात तसे ओरखडे दिसले, खोलगट भागात घट्ट चिकटलेली माती दिसली. म्हणजे नाणी हाताळली गेली आणि पुरली गेली, असा निष्कर्ष. तो मानला तरी ओरखड्यांवरून नाणं कोणाच्या हुकमाने बनलं हे कळत नाही.

आता नाण्याकडेच बघा. रोमन टांकसाळीत नाणी पाडत, म्हणजे धातूच्या चकतीवर ठसा ठोकत. हे साच्यात ओतलेलं आहे. दर्शनी बाजूला किरणांचा मुकुट घातलेला चेहरा आणि स्पॉन्सियनचं नाव. पण तिसऱ्या शतकातले सम्राट हमखास मिरवत ती ‘ऑगस्टस’ ही पदवी चेहऱ्याभोवती नाही. मागच्या बाजूला खांब, दोन माणसं आणि ‘सी एयूजी’ ही अक्षरं. ती आली आहेत गायस ऑगुरिनस नावाच्या टांकसाळ अधिकाऱ्याच्या चांदीच्या नाण्यावरून, तेही इसवी सनापूर्वी 135 च्या सुमाराचं! सुमारे 400 वर्षांपूर्वीचं चित्र सम्राट आपल्या सोन्यावर का छापेल? एकाकी पडलेल्या डेशियात (आजच्या रोमेनियातला रोमन प्रांत) जे जुनं नाणं हाताशी होतं त्याची नक्कल केली, असं उत्तर देता येतं. मला ते ओढूनताणून वाटतं.

‘नाणं प्राचीन म्हणजे सम्राट खरा.’ खरी घसरगुंडी इथे आहे. सीमेपलीकडचे लोकही रोमन नाण्यांच्या नकला करत. आपल्या तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्यात. म्हणून तिथे रोमचं राज्य होतं असं कोणी म्हणत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या रिचर्ड ॲब्डींचा आक्षेपही असाच आहे: नाण्यावरून माणूस ठरवायचा आणि मग त्याच माणसाने नाणं काढलं म्हणायचं.

आणि ‘रोमचा सम्राट’? पिअर्सनही तसं म्हणत नाहीत. त्यांच्या मते तो 260 च्या दशकात रोमपासून तुटलेल्या डेशियातला सेनापती असावा.

नाण्यावरून विसरलेला दावेदार सिद्ध होऊच शकत नाही असं नाही. रोमन गादीचा असाच एक विसरलेला दावेदार, दुसरा डोमिशियनस, याचं पहिलं नाणं 1900 साली फ्रान्समध्ये मिळालं, तेव्हा त्यालाही खोटं ठरवलं होतं. 2003 मध्ये इंग्लंडमधल्या चाल्ग्रोव्हला सुमारे 5,000 नाण्यांचा घडा निघाला, त्यात त्याच ठशांचं दुसरं नाणं होतं. स्पॉन्सियनचं नाणं असं एखाद्या शाबूत घड्यातून निघू द्या, मग बोलू.