सुमनमधलं फूल

सर, नमस्कार. 'सुमन' या नावावर मी लिहिलेल्या मजकुरावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सुमन म्हणजे फूल हे मी व्हॉट्सॲपवरून उचललं, खरा अर्थ चांगलं मन, फुलाला संस्कृतात 'सुम' म्हणतात, आणि 'सुमन हे मुलीचंच नाव' हे माझं वाक्यही चूक, असं तुमचं म्हणणं.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे मी सपशेल आपटले. बंगालचे गायक कबीर सुमन मूळचे सुमन चट्टोपाध्याय. एवढं लांब तरी कशाला? इथे ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्याच बिल्डिंगमध्ये बिहारचे एक सुमनजी राहतात. त्यांचं पार्सल वॉचमन खुशाल माझ्या सासूबाईंच्या हातात ठेवतो, कारण त्याही सुमनच. एकदा आतून दाढीचं क्रीम निघालं. तरी मी ते वाक्य लिहिलं, म्हणजे कमालच!

फुलाचं मात्र सोडणार नाही. 'सुम' म्हणजे फूल, कबूल. पण नावातला मूळ शब्द सुमनस्. मनस्-चं मराठीत मन झालं, तेजस्-चं तेज, तसंच हे. तुमचं चांगलं मन त्यातच आहे आणि फूलही त्यातच. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, फुलांच्या नावांची ओळच 'स्त्रियः सुमनसः पुष्पं' अशी सुरू होते. म्हणजे फूल या अर्थी शब्द चक्क स्त्रीलिंगी. त्याच कोशात देवांनाही सुमनस् म्हटलंय, आणि 'सुमना' म्हणजे जाई. चौकातल्या बॅनरवर 'श्रद्धासुमने' छापतात ती फुलंच ना, सर?

नाव जुनाट झालंय, हे खरं. बारशाला हल्ली कोणी ठेवत नाही. सासूबाईंचंही हे जन्मनाव नव्हे. माहेरच्या त्या द्वारका. १९७१ साली लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सुमन' लिहिलं गेलं. हेच का, म्हणून सासऱ्यांना एकदा विचारलं होतं. 'रेडिओवर सुमन कल्याणपूर लागायच्या,' एवढंच म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. अर्थाचा विचार तेव्हा कोणी केला नसावा. मग पासबुकावर द्वारका आणि रेशनकार्डावर सुमन, यात त्यांची कितीतरी वर्षं गेली.

तुमची प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवली. म्हणाल्या, "मन की फूल ते तुम्ही भांडून ठरवा. जांभळी नाक्याला चाललीयस ना? जाईचा गजरा दिसला तर आण."

जाई नव्हती. मोगरा आणला.